लाइट गेल्यावरचा रेडिओ

मराठवाड्यात हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने बिनतारी बोलण्याच्या छंदाचा, सगळ्यात जवळचा मित्र कोण, तर भारनियमन. ज्याने भर दुपारी ४० मीटरच्या बँडवर, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात कान लावला आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. लाइट असते तेव्हा सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा काटा एस-९ वर चिकटलेला असतो. स्टेशन एकही नाही, नुसती खरखर. लाइट गेली की काटा एस-३ वर उतरतो आणि त्या खरखरीखालून पुण्याचा, नागपूरचा, हैदराबादचा माणूस बोलताना ऐकू येतो. तो आधीपासूनच बोलत होता.

एक एस-युनिट ६ डेसिबलचं धरतात. सहा युनिटं म्हणजे ३६ डेसिबल, शक्तीच्या हिशेबात जवळजवळ चार हजार पट. आता उलटा हिशेब करून पाहा. शंभर वॅटच्या संचाला ॲम्प्लिफायर जोडून चारशे वॅट केले, तर समोरच्याच्या मीटरवर जेमतेम एक युनिट वाढतं. म्हणून नव्या माणसाने भारी संचाची कॅटलॉगं चाळत बसणं मला पटत नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांनी तयार केलेल्या बिट्‌एक्ससारख्या दहा वॅटच्या आतबाहेरच्या संचावरही शांत जागेतून दिवसा राज्यभर बोलता येतं. गोंगाटाच्या जागी लाखाचा संचही तो गोंगाटच अधिक स्वच्छ ऐकवतो. परवान्याची परीक्षा दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा घेते. वय किमान १२ लागतं. रिस्ट्रिक्टेड दर्जाला मोर्स नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्दांचा मोर्स आहे. परवाना हातात पडेपर्यंतचा काळ गोंगाट शोधण्यात घालवावा. त्याला साधा मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टरही पुरतो.

शोध घरापासून सुरू करायचा. रेडिओ बॅटरीवर चालवायचा आणि घराचं मेन पाडायचं. गोंगाट थांबला तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चढवत जायचं, आणि ज्याला काटा उसळी मारतो त्या खोलीतले प्लग एकेक करून काढायचे. यात हमखास फसवतो तो इन्व्हर्टर. मेन पाडलं की तो आपणहून सुरू होतो, आणि चौकोनी लहरीचा असला तर बँडभर घुरघुरतो. म्हणून आधी इन्व्हर्टरचं आउटपुट बंद, मग मेन. सापडतात ते नेहमीचेच: मोबाइलचा चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर, बीएलडीसी पंखा, एलईडी दिवे. दिव्यांची एक गंमत आहे. आठवडी बाजारातला सगळ्यात स्वस्त बल्ब कधीकधी सगळ्यात शांत निघतो, कारण त्यात स्विचिंगचं सर्किटच नसतं. चार्जर काढून टाकता येत नसेल तर त्याची वायर फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) रिंगवर गुंडाळायची. एका वेढ्याचा क्लिप-ऑन मणी ७ मेगाहर्ट्‌झला फारसं काही करत नाही. रोध वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून एकाच रिंगवर आठ-दहा वेढे हवेत.

घर शांत झालं तरी काटा खाली येत नसेल, तर चोर शिवारात आहे. इथे फीडर स्वतःच साक्ष देतात. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा, आणि शेतीची वीज पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते. घरातली लाइट असताना खरखर गेली आणि त्याच वेळी मोटारी बंद पडल्या, तर उगम शेतीच्या लाइनवर. पंधरा दिवस वेळेची नोंद ठेवली की अर्धा शोध बसल्याजागी होतो.

शिवारातले आवाज कानाने ओळखू येतात. सेकंदाला सुमारे एक, घड्याळासारखी टिकटिक ऐकू आली तर ते झटका मशीन. डुकरं आणि रोही आवरायला धुऱ्याने ओढलेल्या तारेवर हे यंत्र सेकंदा-दीड सेकंदाला हजारो व्होल्टचा ठोका देतं. तार सुस्थितीत असेल तर रेडिओला त्याचा फारसा त्रास नसतो. त्रास होतो तो ठिणगीचा. गवत वाढून तारेला टेकलं, इन्सुलेटर तडकला किंवा जोड नुसता पीळ देऊन सोडला, की प्रत्येक ठोक्याला तिथे ठिणगी उडते आणि सगळा बँड टिचतो. अंधार पडल्यावर धुऱ्याने चालत गेलं तर ती डोळ्यांनाही दिसते. आता शेजाऱ्याशी बोलायचं कसं, हा खरा प्रश्न. ‘दादा, तुमच्या मशीनमुळे माझ्या रेडिओत आवाज येतो’ असं म्हटलं तर उत्तर ठरलेलं आहे. ‘दादा, त्या बाभळीजवळ तुमचा झटका जमिनीत चाललाय, पुढच्या तारेत जोरच राहत नाही, डुकरं तिथूनच शिरत असतील’ हेही तितकंच खरं आहे, आणि ते ऐकून माणूस त्याच दिवशी विळा घेऊन निघतो. तोवर संचावरचा नॉइज ब्लँकर, म्हणजे ठोका येताच क्षणभर आवाज कापणारी सोय, लावावा. असल्या तुटक ठोक्यांवर तो चांगला चालतो, सलग खरखरीवर मात्र निरुपयोगी.

सूर्य वर आला की सुरू होणारा, ढग आला की दबणारा आणि संध्याकाळी मावळणारा गोंगाट सौर पंपाच्या कंट्रोलरचा. पॅनलच्या डीसीपासून मोटारीसाठी एसी करताना तो दर सेकंदाला हजारो वेळा स्विच होतो, आणि पॅनलपासून आलेल्या, एकमेकींपासून लांब पसरलेल्या दोन वायरी त्याच्या अँटेनाचं काम करतात. वॉटरफॉलवर, म्हणजे बँडचं चित्र सरकत दाखवणाऱ्या पडद्यावर, ठरावीक अंतराने उभे पट्टे दिसले की समजावं. कंट्रोलर उघडायचा नाही, वॉरंटी जाते आणि आत जीवघेणा व्होल्टेज असतो. पॅनलच्या दोन्ही वायरी एकमेकींना चिकटवून एकाच पाइपातून आणणं, कंट्रोलरचं अर्थिंग नीट जोडलेलं आहे का पाहणं आणि कंट्रोलरच्या तोंडाशी बाहेरून फेराइट घालणं, एवढंच आपल्या हातात. मालकाने परवानगी दिली तर. सौर पंप आता शिवारोशिवारी झाले आहेत, त्यामुळे हा गोंगाट वाढणारच आहे.

तिसरा प्रकार ११ केव्ही लाइनचा. सेकंदाला शंभर ठोके, कारण पन्नास सायकलच्या प्रत्येक अर्ध्या लाटेच्या शिखरावर ठिणगी पडते. लोक इन्सुलेटरला दोष देतात, पण बहुतेकदा कारण असतं सैल बोल्ट, ढिला क्लँप किंवा कुणीतरी गुंडाळलेली बायंडिंग वायर. उन्हाळ्यात सगळं सुकून फटी उघडतात, म्हणून मार्च ते मे हा गोंगाट वाढतो आणि पहिल्या पावसात एका तासात गप्प होतो. खांब शोधायला लांबून मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर फिरवून दिशा घ्यायची आणि जवळ गेल्यावर ११८ ते १३६ मेगाहर्ट्‌झच्या विमान बँडवर एएममध्ये ऐकायचं. वरच्या फ्रिक्वेन्सीला आवाज लांब पोचत नाही, त्यामुळे नेमका खांब कळतो. खांबाला लाथ मारून किंवा स्टे हलवून आवाज बदलतो का पाहायची युक्ती काही जण सांगतात. ती करू नये. खांबावरचा नंबर टिपून लाइनमनला द्यावा. ‘जंपर सैल वाटतोय’ एवढं सांगितलं तरी त्याला पुढचं कळतं.

अँटेनाकडे मी मुद्दाम उशिरा आलो, कारण ती तुलनेने सोपी आहे. ४० मीटरच्या अर्धतरंग डायपोलची, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या तारेची, मीटरमधली लांबी १४२.५ भागिले मेगाहर्ट्‌झ, ७.१ ला साधारण २० मीटर तार, प्रत्येक बाजूला १० मीटर. घराच्या वायरिंगची दीड किंवा अडीच एमएमची तांब्याची वायर चालते. तिच्यावरच्या पीव्हीसीमुळे लांबी आणखी दोन ते चार टक्के कमी लागते, पण सुरुवात १०.३० मीटरनेच करावी, कारण कापलेली तार परत जोडणं वैतागाचं काम. वर चढवल्यावर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचं माप, सगळ्यात कमी कुठे येतो ते पाहायचं. समजा ६.८५ ला आला. या बँडवर दोन्ही बाजू एक-एक सेंटिमीटरने कमी केल्या की अनुनाद सुमारे ७ किलोहर्ट्‌झ वर सरकतो. आपल्याला २५० सरकवायचे आहेत, म्हणजे प्रत्येक बाजूला ३५ सेंटिमीटर. तेवढी तार आधी टोकाला परत दुमडून पीळ द्यायची, पुन्हा मोजायचं, आणि समाधान झालं तरच कापायची.

उंचीची चिंता शहरातल्या पुस्तकांनी वाढवून ठेवली आहे. माळवद साडेतीन मीटर आणि त्यावर २० फुटी जीआय पाइप, एवढ्यात मधला बिंदू साडेनऊ मीटरला जातो. ४० मीटरला ही जवळजवळ पाव तरंगलांबी. एवढ्या कमी उंचीवरचा डायपोल शक्ती सरळ वर फेकतो, आयनावरण, म्हणजे उंचावरचा विद्युतभारित हवेचा थर, ती छत्रीसारखी चहूबाजूंना खाली पाडतं, आणि पाचेकशे किलोमीटरचा परिसर विनाखंड झाकला जातो. ज्याला राज्यात बोलायचं आहे त्याला हेच हवं. युरोप-जपान हवं असेल तर उंची वाढवा किंवा २० मीटरच्या बँडवर जा. टोकं उतरती बांधून इन्व्हर्टेड व्ही केला तर मधला कोन ९० अंशांपेक्षा कमी नको आणि टोकं जमिनीपासून तीन मीटरच्या खाली नकोत. प्रसारणाच्या वेळी सगळ्यात जास्त व्होल्टेज टोकांनाच असतो, म्हणून ती गोठ्यावर किंवा कपडे वाळत घालायच्या जागेवर आणू नयेत.

मध्यभागी, को-ॲक्स केबल जोडतो तिथे, चोक, म्हणजे केबलच्या कवचावरून बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारं वेटोळं, हवाच. १०० वॅटला शेतातला तुकडा चालतो: ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर आरजी-५८ चे शेजारीशेजारी १६-१७ वेढे, सहा मीटर केबल लागते. चोक नसला की केबलचं बाहेरचं कवचच अँटेना बनतं, मग माइक ओठाला चावतो आणि घरातल्या चार्जरचा गोंगाट केबलवरून चढून परत संचात येतो. घरभर फेराइट लावूनही काटा हटत नाही अशी तक्रार असते तिथे बहुतेक वेळा चोकच नसतो.

केबल कोणती, यावर वाद घालणारे खूप. ७ मेगाहर्ट्‌झला २० मीटर आरजी-५८ मध्ये एक डेसिबलही जात नाही, तेव्हा जाड केबलचा सोस नको. १४५ मेगाहर्ट्‌झला मात्र तीच केबल चार डेसिबल, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती खाते. तिथे आरजी-२१३ घ्यावी. केबलवाल्याकडची आरजी-६ सुद्धा डायपोलला उत्तम. ७५ ओहमची असल्याने एसडब्ल्यूआर दीडच्या आसपास दिसतो, त्याने काही बिघडत नाही. अडचण एवढीच की तिची जाळी ॲल्युमिनियमची असते, साध्या सोल्डरने पकडत नाही. क्रिंप किंवा क्लँपच करावा लागतो, आणि तांब्या-ॲल्युमिनियमचा तो जोड पाणी लागलं की वर्षात पांढरा पडतो. सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून गुंडाळावी. आणि दोरी. पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी इथल्या उन्हात एका उन्हाळ्यानंतर हाताला पावडर लावते. उन्हाला टिकणारी पॉलिस्टरची घ्यावी, आणि एका टोकाला कप्पीवरून वजन सोडावं. वानरं तारेवर लोंबकळतातच. वजन वर सरकतं, तार वाचते.

काळी माती हा या छंदातला स्वतंत्र अभ्यास आहे. ओली असताना ती विजेला छान वाट देते. एप्रिलमध्ये तिला मीटरभर खोल भेगा पडतात, अर्थिंगच्या रॉडभोवती चहूबाजूंनी हवा होते आणि जुलैत उत्तम असलेला अर्थ मे महिन्यात नावापुरता उरतो. आणि वीज पडते ती नेमकी मेच्या वळवात. म्हणून रॉड आठ फुटांचा, भेगांच्या पातळीखाली उतरलेला हवा, भोवती बेंटोनाइट भरलेलं हवं, आणि उन्हाळाभर तिथे पाणी सोडायला हवं. खाली मुरूम लागला तर ठोकत बसू नये, बोअर घेऊन उतरवावा. अँटेनाचा अर्थ आणि घराच्या वायरिंगचा अर्थ जाड वायरने एकमेकांना जोडलेले असावेत. दोन वेगळे अर्थ ठेवले तर वीज पडल्यावर त्यांच्यातला फरक संचातून वाट काढतो. पाइपाच्या स्टेंनाही हीच माती छळते. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, नुसती ठोकलेली खुंटी दरवर्षी थोडी वर येते. मीटरभर खोल आडवा दगड पुरून त्याला स्टे बांधला तर टिकतो, तरी जूनमध्ये आणि एप्रिलमध्ये टर्नबकल पिळून घ्यावेच लागतात.

विजेपासून खात्रीचा बचाव एकच: को-ॲक्स संचातून काढून खिडकीबाहेर ठेवणं. गॅस ट्यूबचा अरेस्टर लावावा, पण त्याच्या भरवशावर केबल जोडलेली सोडू नये. पाऊस लांब असतानाही ८० मीटरच्या बँडवर तडतड ऐकू येते, शेकडो किलोमीटरवरच्या ढगांची. ती दाट आणि तीव्र होत गेली की उठून केबल काढायची. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये असावं, त्याने जवळच्या विजांचा इशारा मिळतो. वळवाचे दोन महिने आणि परतीच्या पावसाचे दिवस, काम नसेल तेव्हा केबल बाहेर हीच सवय बरी.

दिवसाचा क्रम एकदा अंगवळणी पडला की घड्याळ लागत नाही. सकाळी उन्हं वर आली की ४० मीटर राज्यात उघडतो आणि दुपारपर्यंत भरात असतो. सूर्यास्तानंतर आयनावरण विरळ होतं, पुणे-नागपूर अचानक गायब होतात आणि त्यांच्या जागी दूरदेशीचे आवाज येतात. तेव्हा जवळच्यांसाठी ८० मीटरवर उतरायचं. डिसेंबरात हा बँड सुरेख असतो, मेमध्ये तडतडीमुळे नकोसा. एफटी-८, म्हणजे संगणकाने छोटे संदेश पाठवण्याची पद्धत, वापरणाऱ्यांनी ७.०७४ वर जाण्याआधी संगणकाचं घड्याळ एका सेकंदाच्या आत जुळवून घ्यावं. ते चुकलं तर वॉटरफॉलवर सगळं दिसतं आणि वाचता काहीच येत नाही. ग्रिडही, म्हणजे नकाशावरच्या आपल्या चौकोनाचा संकेतही, पाठ असावा: छत्रपती संभाजीनगर आणि जालना एमके७९, बीड एमके७८, लातूर आणि धाराशिव एमके८८, परभणी, हिंगोली, नांदेड एमके८९. ही शहरांची झाली. गाव चौकोनाच्या कडेला असेल तर नकाशा पाहून ठरवावं.

दोन मीटर बँड, १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ, सपाट शिवारात लवकर संपतो. दोन्हीकडे दहा-दहा मीटरवर अँटेना असेल तर रेडिओचं क्षितिज २६ किलोमीटर. तोच एक माणूस पठारापेक्षा २०० मीटर उंच बालाघाटाच्या कड्यावर गेला की ७० किलोमीटर. तिथे ४९ सेंटिमीटरची उभी पितळी काडी आणि खाली ४५ अंशांत वाकवलेल्या चार काड्या, एवढी अँटेना पुरते. ज्याच्या गावचा गोंगाट काही केल्या जात नाही, त्याने एकदा आकाशाकडे वळावं. क्यूओ-१०० हा हॅम मंडळींचे संदेश पोचवणारा उपग्रह २५.९ अंश पूर्वेला स्थिर आहे. मराठवाड्यातून तो पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला, दिगंश २५५ च्या सुमारास, क्षितिजावर साधारण ३० अंशांवर येतो. ६० सेंटिमीटरची जुनी डी-टू-एच छत्री, पीएलएल एलएनबी (छत्रीसमोरचा, सिग्नल खालच्या फ्रिक्वेन्सीला आणणारा डबा) आणि संगणकाला लावायचा आरटीएल-एसडीआर रेडिओ डोंगल एवढ्यात तो ७३९.५ ते ७४० मेगाहर्ट्‌झला ऐकू येतो. एलएनबी ९७५० च्या ऑसिलेटरचा हवा. भंगारातला १०६०० चा लावला तर सिग्नल भलतीकडे जातो आणि माणूस छत्रीच हलवत बसतो. छत्रीबरोबर एलएनबीही स्वतःभोवती बराच फिरवावा लागतो, कारण पश्चिमेला इतक्या दूरच्या उपग्रहाची ध्रुवणदिशा इथून तिरपी दिसते. दहा गिगाहर्ट्‌झला ना झटका मशीन पोचतं ना सौर पंप.

बॅटरीबद्दल एक हिशेब सांगायलाच हवा, कारण ऐन वेळी लोक यातच अडतात. शंभर वॅटचा संच बोलताना २० अँपिअर ओढतो. अडीच एमएम वायरचा रोध मीटरला ७.४ मिलिओहम. बॅटरी तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे ०.९ व्होल्ट वायरीतच जातात. भाराखाली १२.४ दाखवणारी बॅटरी संचाला ११.५ देते, आणि १३.८ व्होल्टचे बरेच संच १५ टक्क्यांपर्यंतच, म्हणजे ११.७ पर्यंत सोसतात. त्याखाली आवाज फाटतो किंवा संच बोलता बोलता बंद पडतो. सहा एमएमची वायर घेतली तर घट ०.४ च्या आत राहते. फ्यूज दोन्ही वायरींना, बॅटरीच्या तोंडाशी.

हे सगळं ज्या दिवसासाठी, तो दिवस या मातीने पाहिलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, किल्लारी. त्यानंतरच्या मदतकार्यात हॅम मंडळींनी संदेश पोचवले, पुढे भूजला २००१ मध्ये आणि त्सुनामीच्या वेळी अंदमानातही पोचवले. पण असा संदेश पोचवणं ही रोज सरावाने कमवायची गोष्ट आहे, आणि रोजच्या ‘फाइव्ह-नाइन, सेव्हन्टी-थ्री’ने, म्हणजे ‘सिग्नल छान, शुभेच्छा’ एवढ्यानेच, तिचा सराव होत नाही. संदेश आधी कागदावर लिहायचा: क्रमांक, वेळ, कुणाकडून, कुणाला, शब्द किती. मग सावकाश वाचायचा आणि समोरच्याकडून पूर्ण परत वाचून घ्यायचा. आकडे सुटे सांगायचे, कारण खरखरीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर वेगळे ओळखू येत नाहीत. ‘पाच नऊ’ आणि ‘सहा नऊ’ येतात. गावाचं नाव तालुक्याशिवाय सांगायचं नाही. पिंपळगाव, वडगाव, पिंपरी एका जिल्ह्यात किती आहेत ते मोजायला बसलं तर कळतं. नेटवर, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर जमणाऱ्या रेडिओच्या बैठकीत, चढाओढीने परवान्यावरची आपली संज्ञा सांगण्यापेक्षा ती बैठक चालवणारा नेट कंट्रोल बोलावेपर्यंत गप्प बसणारा ऑपरेटर जास्त उपयोगी, आणि असे थोडे असतात. यासाठी महिन्यातून एकदा, लाइट असतानाच, मेन पाडून फक्त बॅटरीवर दोन तास नेट चालवावं. बॅटरीतलं पाणी कमी झालंय, टर्मिनलवर पांढरी बुरशी आलीय, लॉगबुकाजवळ पेन नाही, हे त्या दोन तासांत कळतं.